जीपचा श्रावण

आमच्या घरात श्रावण न पाळणारी एकच होती. जीप.

जीप दाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची. डिझेलची, आणि वयाने माझ्यापेक्षा मोठी. दाजी ती भंगारात काढणार होते. मी म्हटलं, मला द्या, तळणीच्या उरलेल्या तेलावर चालवतो. जुन्या इंजिनाचे लाड नसतात. डिझेलवर चालू करायचं, तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायचं.

दाजी म्हणाले, "सोमवारी मला आपट्याला मेवन्याकडं ने नि आन. धक्का नाय, दोरी नाय. परत आली तर तुजी. नायतर सहाला भंगारवाला येतो."

तेलाला तोटा नव्हता. गटारीला अख्ख्या पनवेलने महिन्याभराचं खाऊन घेतलं होतं. आतेबहिणीच्या, मनिषाताईच्या खानावळीतून मी तीस लिटर आणलं, जुन्या धोतरातून गाळलं, पाणी उडेपर्यंत तापवलं. जीप सुरू झाली, तेलावर घेतली आणि सायलेन्सरमागे तीन मांजरं येऊन बसली. रांगेत.

दाजींनी नाक वर केलं. "भावेश, यात काय तळलेलं?"

"बोंबील. थोडी कोळंबी."

"मग श्रावनात मी हिच्यात बसनार नाय."

"दाजी, बसायचं सीटवर आहे."

"तेच बोलतो. खाली बोंबील, वर मी!"

म्हणून जीपला सोमवार धरायला लावला. उपासाचे पदार्थ विकणाऱ्या शशिकलाकाकूंकडून साबुदाणावड्यांचं तीन लिटर तेल मिळालं. टाकी धुऊन तेच भरलं. बोंबलाचा कॅन मात्र मागच्या सीटखाली, गोणपाटात. अडीनडीला.

जाताना जीप शहाण्यासारखी चालली. आपट्याला मात्र दाजींनी ती बंदच करू दिली नाही. दीड तास. मेव्हण्याला धरून सायलेन्सरपाशी उभं केलं. "वास घे. उपासाची गाडी हाय!"

व्हायचं तेच झालं. परतताना घर दीड किलोमीटरवर असताना जीप दोन आचके देऊन थांबली. डिझेल होतं तेवढं सकाळी इंजिन तापवण्यातच संपलेलं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं.

"तेल संपलं, दाजी."

"गोनपाटाखाली काय हाय?"

"कुठल्या गोणपाटाखाली?"

"सकालपासून वास येतो रे मला."

त्यांनी जीपकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. खाली उतरले. "वत. उपास तिचा मोडला, माजा नाय. मी चालत येतो."

मी बोंबील ओतला, पाइपातली हवा काढली, सेल मारला. इंजिन अजून गरम होतं, धरलं. पहिल्या गिअरमध्ये निघालो. आरशात पाहतो तर दाजी बरोब्बर सायलेन्सरमागे. मी वेग वाढवला, त्यांनी वाढवला. डोळे मिटलेले.

"दाजी, बाजूने चाला, धूर लागेल!"

"तू फुडं बघ!"

सहाला पाच कमी असताना आम्ही दारात. भंगारवाला आधीच उभा. त्याने हुंगलं आणि विचारलं, "काका, जेवायला बसताय का?"

"गाडी चालते. जा तू," दाजी म्हणाले. मग आजीला, तिने काही विचारलेलं नसताना, "वासानं उपास मोडत नाय."

जीप आता माझी आहे. रोज सात वाजता दाजी भाकरी आणि भोपळ्याची भाजी घेऊन अंगणात येतात, खुर्ची सायलेन्सरमागे मांडतात. मांजरं थोडी सरकून जागा देतात.

"बॅटरी उतरंल रे," दाजी म्हणतात. "जेवन होईपर्यंत चालू ठेव."