रविवारचा काटा

तिने लंगोटाची घडी उलगडली, आत शंभर ग्रॅमचं पितळी वजन सरकवलं आणि घाईघाईने पिन लावली. वजन गार होतं. बाळाने पाय झाडले, पण रडलं नाही. उलट तिच्याकडे बघून बोळकं पसरून हसलं. त्या हसण्याने तिला अधिकच चोरट्यासारखं झालं.

"झालं का गं?" बाहेरून सासूबाईंची हाक आली. "हे थांबलेत."

"आलेच, आई."

पण ती लगेच उठली नाही. फुगवटा दिसत होता का? तिने झबलं खाली ओढलं, बाळाला उचलून खिडकीशी नेलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. दिसत नव्हतं. निदान ज्याला माहीत नाही त्याला तरी दिसलं नसतं.

रविवारी सकाळी या घरात बाळाचं वजन होत असे. सासरे तराजू दुरुस्त करत. बाजारात त्यांचं टपरीएवढं दुकान होतं, पण शब्दाचं वजन दुकानापेक्षा मोठं. तुमचा काटा चुकतोय, असं त्यांनी म्हटलं की दुकानदार हुज्जत घालत नसे, मुकाट तराजू उतरवून देत असे. लोक त्यांना काटेकोर म्हणत, मागेही आणि तोंडावरही, आणि त्यांना ते मनापासून आवडे. नातू झाला तेव्हा त्यांनी हौसेने दुकानातला एक जुना तराजू घरी आणला, छताच्या कडीला टांगला आणि एका बाजूचं पारडं काढून तिथे वेताची टोपली बांधली. पहिल्या रविवारी सगळे हसले होते. बाळ इतकं चिमुकलं होतं की आजोबांनी त्याचं नावच पावशेर ठेवलं.

पुढे हसणं आटलं. ती परत कामावर जायला लागली आणि त्याच सुमारास काटा अडला. दोन रविवार बाळ जेवढ्यास तेवढं भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मूल छान आहे, चणीने बारीक आहे, महिन्यातून एकदा दाखवा, पुरे. पण डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा भेटणार, सासूबाई उठताबसता. ती कामावरून येऊन बाळाला पाजायला बसली की सासूबाई समोर स्टूल ओढून बसत आणि बाळाच्या गळ्याकडे बघत राहत. तिचे खांदे आखडत, दूध उतरत नसे, बाळ चिडून तोंड बाजूला करी आणि सासूबाई उसासा टाकत. गेल्या रविवारी त्यांनी निकालच दिला होता. या खेपेला काटा हलला नाही तर बाळाला वरचं दूध सुरू करायचं आणि तिने औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून घरी बसायचं.

"आईचं मनावर घेऊ नकोस," नवरा म्हणाला होता. मनावर नाही घ्यायचं तर कुठे ठेवायचं, ते त्याने सांगितलं नाही. त्या औषधाच्या दुकानात ती लग्नाआधीपासून होती. दिवसातले तेवढेच तास तिला कुणी जोखत नसे.

म्हणून आज सासरे अंघोळीला गेल्यावर तिने त्यांच्या वजनांची लाकडी पेटी उघडली होती. चोरीची सवय नसलेल्या माणसाने करावी तशी तिने ती चोरी केली: हाताला आलं ते उचललं आणि झाकण लावलं.

ती बाळाला घेऊन बाहेर आली. नवरा दाराशी दात घासत उभा होता. तिच्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या. तोंडात फेस असल्यामुळे यापेक्षा जास्त आधार देणं त्याला शक्य नव्हतं. सासऱ्यांनी बोटाने काटा हलवून पाहिला, तो मधोमध स्थिरावेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी टेबलावरच्या पेटीचं झाकण उघडलं.

पेटीत मोठ्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने खाचा होत्या, आणि प्रत्येक खाचेत आपापलं वजन. सासरे ती वजनं रोज कोरड्या फडक्याने पुसत. पाण्याचा हात कुणी लावलेला त्यांना खपत नसे. पितळेला पाणी लागलं की त्याचा भरवसा गेला, म्हणत. आज ओळीच्या मधोमध एक खाच रिकामी होती.

वजन हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मागे खाच उरते, हे सुचलंच नव्हतं.

सासऱ्यांचा हात खाचेपाशी आला आणि थांबला. त्यांनी टेबलाखाली नजर टाकली, फडकं झटकलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"आण आमच्या पावशेराला."

"त्या नावाने हाक मारू नका हो त्याला," सासूबाई म्हणाल्या. "म्हणूनच अंग धरत नाही पोर."

तिने बाळ दिलं. सासऱ्यांनी एक हात मानेखाली घातला, दुसरा बुडाखाली, आणि तो दुसरा हात क्षणभर तिथेच राहिला. आयुष्यभर लोकांची खोटी वजनं ओळखलेला हात होता तो. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सावकाश बाळाला टोपलीत ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात गेल्या रविवारी लागली होती तेवढीच वजनं मांडली.

टोपली खाली गेली.

"गेली! अहो, खाली गेली!" सासूबाईंनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच तोंडावर दाबून धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "वाढला गं! मी उगीच... किती? किती भरला?"

ती बाळाच्या तळपायाकडे बघत राहिली. सासूबाईंचा राग तिला सोसला असता. हा आनंद सोसवेना. नवऱ्याने फेस गिळला असावा, कारण तो म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना?"

सासऱ्यांनी एकेक लहान वजन टाकून पारडी बरोबर केली. काटा मधोमध आला. आकडा सांगायची वेळ झाली होती.

"सांगा ना," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी काट्याकडे पाहिलं, रिकाम्या खाचेकडे पाहिलं. मग त्यांनी वजनं उचलायला सुरुवात केली.

"हे वजन धरू नका," ते म्हणाले. "काटा चुकतोय."

"कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"माझा. दांडीत दोष आहे. गेल्या रविवारचंही खरं नाही, त्याच्या आधीचंही नाही. मीच नीट तपासला नव्हता."

"तुम्ही? तुम्ही तपासला नव्हता?"

"नव्हता म्हणतोय ना!" ते खेकसले. या घरात त्यांचा आवाज चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. त्यांचे कान लाल झाले होते. "डॉक्टरीणबाईंकडे चांगला काटा आहे. महिन्याला त्यांच्याकडे वजन करा. घरात हे थेर नकोत."

सासूबाई मटकन खाली बसल्या.

"थेर म्हणू नका," त्या हळू म्हणाल्या. "आपली पहिली सुकत गेली, तेव्हा मला काय कळलं? रोज डोळ्यांसमोर असलेलं पोर कमी होतंय ते दिसतच नाही हो. म्हणून मी काट्याला धरून बसले."

सासरे कडीवरून तराजू उतरवू लागले. नवरा मान खाली घालून चूळ भरायला निघून गेला. त्या पहिल्या मुलीबद्दल तिने नवऱ्याकडून एकदाच ऐकलं होतं, तेही एका वाक्यात. सासूबाईंच्या तोंडून आज प्रथमच.

टोपलीत बाळ कुरकुरायला लागलं. ती पुढे झाली, पण सासूबाई आधी उठल्या.

"ओला झालाय हा. आण, मी बदलते."

"मी बदलते, आई."

"तू चहा घे. सकाळपासून काही पोटात नाही तुझ्या."

"नको, मीच—"

पण सासूबाई बाळाला खांद्यावर टाकून आत गेल्याही होत्या.

ती जागच्या जागी उभी राहिली. सासरे जमिनीवर बसले होते, धडधाकट तराजू मांडीपुढे घेऊन.

"बाबा, मी..."

"तो स्क्रू ड्रायव्हर दे."

"बाबा, चुकलं माझं."

"स्क्रू ड्रायव्हर दे गं, पोरी."

तिने दिला. ते काहीच न बिघडलेल्या दांडीचे स्क्रू एकेक करून काढू लागले. आतून पिन उघडल्याचा आवाज आला की तिला तसा भास झाला, कुणास ठाऊक. मग काहीच ऐकू येईना. सासूबाई बाळाशी नेहमी बडबडत. आज तीही बडबड नव्हती. नंतर नळ सुटला आणि बराच वेळ वाहत राहिला. आता बाहेर येतील आणि सगळ्यांसमोर विचारतील. विचारू देत, तिला वाटलं; खोटं बोलायचं त्राण आता उरलं नव्हतं.

सासूबाई आल्या. कोरडा लंगोट घातलेलं बाळ एका हाताने छातीशी धरलं होतं. टेबलाजवळ त्या जरा रेंगाळल्या, मग पुढे येऊन त्यांनी बाळ तिच्या हातात दिलं.

"मांडीवर लाल झालंय जरासं," त्या म्हणाल्या. "तेल लावलंय. उद्यापर्यंत जाईल."

तिने टेबलाकडे पाहिलं. पेटीतली खाच भरलेली होती. वजन धुऊन ठेवलं होतं; त्यावर पाण्याचे थेंब तसेच होते.

सासऱ्यांनीही ते पाहिलं. ते उठले, कोरडं फडकं घेऊन ते एक वजन पुसलं, परत खाचेत ठेवलं आणि झाकण लावलं. पाण्याबद्दल ते कुणालाच काही बोलले नाहीत.

"आई..." तिचे नुसतेच डोळे वाहायला लागले.

"रडू नकोस. भुकेला आहे तो. चल आत."

ती आत जाऊन पलंगावर बसली. सासूबाईंनी तिच्या पाठीमागे उशी दिली, खांदा दाबून तिला मागे टेकवलं. मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं. ती सवयीने ताठ झाली.

सासूबाई स्टूल घेऊन दाराबाहेर गेल्या.

"उद्या कामावर लवकर जायचंय ना तुला?" त्यांनी बाहेरूनच विचारलं. "मग पाजून झालं की तूही पड जरा. मी बघते बाकीचं."

दार लागलं. बाळ तिच्या कुशीत तोंड खुपसून चुळबुळ करत होतं. ती दाराकडे बघत राहिली, ते परत उघडलं नाही. हळूहळू तिचे खांदे खाली आले आणि तिला पान्हा फुटला, इतका की बाळाला ठसका लागला. त्याने दम घेतला, आणि पुन्हा घटाघटा प्यायला लागलं.