काचेवरची चादर

सांगलीच्या त्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीला काचेचं दार होतं. मागे कुणा पेशंटच्या नातेवाइकांनी एका डॉक्टरला कोंडून बडवलं, तेव्हा ते बसवलं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसलं म्हणजे कर्मचारी सुखरूप, आणि बोलणं काही काचेतून बाहेर जात नाही, असा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचा हिशोब. पण अक्षता ज्यांच्यासाठी तिथं यायची, त्या बहिऱ्या पेशंटांचं सगळं बोलणं हातांत होतं. भिंतीला कान असतात म्हणतात. इथं दाराला डोळे होते. हे सांगून सांगून ती थकली होती.

अक्षता आटपाडीची. आईबाप दोघंही जन्मापासून बहिरे, त्यामुळं खुणांची भाषा ती बोबड्या बोलांच्याही आधी शिकली. आता पेशंटचं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं पेशंटला सांगायचं, हीच तिची नोकरी. ऐकलेलं तिथंच ठेवून घरी जायचं. ते ओझं तिथं राहत नाही, हा भाग वेगळा.

त्या दिवशी संयोगिता आली होती. तिचा दुसऱ्यांदा गर्भ पडला होता. नवरा वीरधवल, तोही बहिराच, समोरच्या बाकावर बसून आत बघत होता.

"कुठं पडला होतात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. अक्षतानं तेच हातांनी विचारलं.

न्हाणीत घसरले, संयोगितानं खुणेनं सांगितलं. सांगताना तिचे डोळे काचेकडे गेले.

अक्षतानं उत्तर जसंच्या तसं डॉक्टरांना दिलं. डोळ्यांचं सांगायचं नसतं. पण तिला राहवेना. तिनं दार किलकिलं करून रखवालदार नानासोंकडं चादर मागितली.

"आवं ताई, काच झाकायची न्हाई असा हुकूम हाय. तुमच्याच जिवासाठी लावलीया ती."

"माझ्या जिवाचं मी बघते, नानासो. द्या."

फौजेतून आलेल्या माणसाला हुकमाबाहेर जाणं जड गेलं, पण त्यांनी दिली. अक्षतानं ती चिकटपट्टीनं काचेवर लावली. संयोगिता थोडा वेळ चादरीकडंच बघत बसली. मग तिचे हात सुटले.

पेशंट जे म्हणतो ते 'मी' म्हणूनच सांगायचं, ही या कामाची रीत. "त्यानं माझ्या पोटात लाथ घातली," अक्षता म्हणाली. "पहिल्या वेळीही घातली."

तेवढ्यात काचेवर मुठी पडू लागल्या. आपण केवढा आवाज करतोय ते वीरधवलला ठाऊक नव्हतं. दार ढकलून तो आत आला तो बायकोकडं नाही, थेट अक्षताकडं. तिचा उजवा हात पिरगाळत त्यानं मोकळ्या हातानं विचारलं, काय म्हणाली ती?

नाही सांगणार, अक्षतानं डाव्या हातानं सांगितलं. नानासो धावत आले तोवर मनगट मोडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना बोलावलं. संयोगिताला तिचा भाऊ औंधला घेऊन गेला. आणि दवाखान्यात सूचना लागली, की यापुढं काच झाकणाऱ्यावर कारवाई होईल. चोर सोडून संन्याशाला फाशी. अक्षताला त्याचा रागसुद्धा आला नाही, इतकी ती दमली होती.

संध्याकाळी नेहमीप्रमाणं आईचा व्हिडिओ कॉल आला. मुक्ताबाईंना आधी प्लास्टरच दिसलं. हाताला काय झालं?

बहिऱ्यांची दुनिया ती केवढीशी. वीरधवलची मावशी आणि मुक्ताबाई शाळेपासूनच्या मैत्रिणी. खरं सांगितलं तर संयोगिताचं बोलणं उद्या घरोघरी जाणार.

न्हाणीत घसरले, अक्षतानं डाव्या हातानं सांगितलं. तिचे डोळे नकळत फोनवरून बाजूला गेले.

मुक्ताबाईंनी लेकीच्या नजरेचा रोख टिपला. मग त्यांनी हात छातीजवळ घेऊन, दुसऱ्या कुणाला दिसू नये अशा बेतानं विचारलं, तिथं कुणी उभं आहे का?