पाचच्या आत

टेसाने वाकून फोनचा आवाज चालू आहे ना, हे तिसऱ्यांदा पाहिलं. कडेवर आठ महिन्यांची हेझल होती. तिचा उजवा पाय किंचित बाहेर वळलेला.

खेळाडूला काढायचं, तर क्लबने आज संध्याकाळी पाचच्या आत काढायचं, हा लीगचा नियम. पाच टळले, की वर्षाचा पगार आणि घरच्यांचा आरोग्य विमा पक्का. या दिवशी मिलवॉकीच्या फुटबॉल क्लबातल्या खेळाडूंच्या बायका एकमेकींना फोन करत नाहीत. कोणी कोणाची समजूत घालायची, हेच ठरलेलं नसतं.

हेझलच्या खुब्याचं ऑपरेशन बावीस तारखेला होतं. त्या डॉक्टरांची तारीख मिळायला चार महिने गेले होते.

तिचा नवरा कॉलिन सोफ्यावर बसून एकच मोजा पुन्हा पुन्हा गुंडाळत होता. संघात तो तिसरा गोलकीपर. या मोसमात मैदानावर एकदाही उतरला नव्हता.

साडेचारला फोन वाजला. कॉलिन उठून उभा राहिला, पण टेसाने आधीच फोन स्पीकरवर घेतला.

"आई! आज फोन करू नकोस म्हटलं होतं ना?"

"अगं, सकाळपासून घास उतरला नाही घशाखाली. कळलं का काही?"

"तू ठेवलास तर कळेल."

"मी लग्नाआधीच म्हटलं होतं, चेंडूमागे पळणाऱ्यांचं काही खरं नसतं. हा तर पळतही नाही, नुसता उभा!"

"तो ऐकतोय, आई."

"ऐकू दे. जावई गुणाचा आहे गं. नशीब मेलं बाकावर बसलंय."

पाच वाजले. पाच वाजून दहा झाले. फोन गप्पच होता. टेसा भिंतीला टेकून खाली बसली. कॉलिनने लेकीला उचलून तिच्या टाळूवर ओठ टेकले.

सव्वासहाला क्लबच्या व्यवस्थापकांचा फोन आला. कॉलिन नुसता "हो, हो" म्हणत होता. टेसा त्याच्या मानेकडे बघत होती.

"काढलं?"

"आता काढता येत नाही. पार दक्षिणेतल्या टुसॉनच्या संघाला दिलंय मला. त्यांच्या गोलकीपरचा सकाळी सरावात हात मोडला."

"तुला विचारलं तरी का?"

"करार लीगच्या हातात असतो. विचारत नाहीत. परवा हजर व्हायचं."

"खेळवतील?"

"शनिवारीच." चोरी कबूल करावी तसा तो म्हणाला. मग घाईने, "मी सांगतो त्यांना, बावीसनंतर येतो म्हणून."

"असं सांगता येतं?"

त्याने सोफ्यावरचा मोजा पुन्हा उचलला.

"विमा?"

"तो लीगचा. कुठेही गेलो तरी तोच."

टेसाने हेझलचा पाय हळूच सरळ केला. तो पुन्हा वळला.

"मग तू जा. आम्ही ऑपरेशन करून, तिला जरा बरं वाटलं की येतो. आईला बोलावते."

कॉलिन तिच्याकडे बघतच राहिला. रात्री जिना करकरला, तरी ती त्याला उठवून बघायला पाठवायची.

"घाबरणार नाहीस ना?"

"घाबरेन की," ती म्हणाली, आणि कपाटावरची मोठी बॅग काढायला तिने स्टूल ओढलं.