गेब्रिएलची आई

वसुधाताईंना एकसष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकवलं ते डॉटी हॅलोवेलनं, आणि हे उपकार त्या येईल-जाईल त्याला सांगत. पोटच्या मुलीनं, अबोलीनं, तर दोन दिवसांतच हात टेकले होते. "आई, ब्रेक! आई, ब्रेक, यार!" एवढंच तिचं शिकवणं. जावई राजेशला शनिवार आला की नेमका कॉल असायचा. शेवटी रस्त्याच्या टोकाच्या जुन्या घरातली ही उंच, गोरी, जिभेला हाड नसलेली ऐंशीची बाई पुढे झाली. तिनं आपली खटारा गाडी बाहेर काढली आणि म्हणाली, "या गाडीला आता आणखी काय होणार आहे? बस."

परदेशात, लेकीकडे अ‍ॅशबर्नमध्ये येऊन वसुधाताईंना तेव्हा सहा महिने झाले होते. दिवसभर घरात कुणी नाही आणि चालत जावं असं ठिकाण नाही. गाडी आली आणि त्या माणसात आल्या. मंगळवारी लायब्ररीत जाऊ लागल्या. तिथं जुन्या कागदपत्रांचा एक विभाग होता आणि त्यांची हयात पुण्याच्या दप्तरखान्यात मोडी वाचण्यात गेलेली. कागदाचा वास आला तशा त्या बिनपगारी कामाला लागल्या.

तिथंच त्यांना अर्नेस्टीन पेज भेटली. निवृत्त नर्स, पंचाहत्तरीची, काळी, ठेंगणी, हसली की सगळी खोली हसायची. दर मंगळवारी ती एकच गोष्ट शोधायला यायची. तिचे पणजोबा गेब्रिएल हे हॅलोवेलांच्या शेतावर गुलाम म्हणून जन्मले. चार-पाच वर्षांचे असताना त्यांच्या आईला विकून टाकलं. सुटका झाल्यावर त्यांनी आपल्या लोकांना घेऊन चर्च बांधलं, भलं मोठं कुटुंब वाढवलं, पण आईचं नाव काही त्यांना सांगता येईना. लहान पोराला आई म्हणजे आई, तिला आणखी एक नाव असतं हे कुठं ठाऊक असतं? चर्चच्या भिंतीतल्या दगडावर त्यांचं नाव होतं, खाली 'आई' असं कोरलं होतं आणि त्यापुढची जागा मोकळी होती.

अर्नेस्टीननं डॉटीला आजवर कितीतरी पत्रं लिहिली होती. डॉटीचं उत्तर ठरलेलं: 'आमच्याकडे काही नाही.' वसुधाताईंना हे ठाऊक होतं, पण त्यांनी डॉटीकडे कधी विषय काढला नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं त्या स्वतःला बजावत.

मग त्या ऑक्टोबरमध्ये डॉटीनं घर विकायला काढलं. मुलाकडे ओहायोला जायचं ठरलं. एके सकाळी तिचा फोन आला. "माळ्यावर खोकी आहेत. माझ्या पाठीला झेपत नाहीत. मागच्या अंगणात पिंप ठेवलंय, त्यात जाळायचीत." वसुधाताई चपला घालून निघाल्या. त्यांना वाटलं, जुनी वर्तमानपत्रं असतील.

दुसरं खोकं जिन्यावरून उतरवताना त्याचा तळ फाटला. कागद घसरत खाली आले आणि वसुधाताईंचा पाय एकावर पडला. त्यांनी झटकन पाय काढला, कागद उचलला, कपाळाला लावला, डोळ्यांना लावला. अशी सवय की डोक्याला विचारावंच लागत नाही.

"हे काय केलंस?" खालून डॉटीनं विचारलं.

"पाय लागला ना. कागदाला पाय लागला की नमस्कार करतो आम्ही."

"आता वाच तो."

वसुधाताईंनी वाचला. वळणदार, देखणं अक्षर. हॅलोवेल घराण्यातल्या एका पुरुषानं दोन माणसं विकल्याची पावती होती ती, आणि त्यांची वयं व दात कसे आहेत हेसुद्धा लिहिलेलं.

"सगळी खोकी यानंच भरलीत," डॉटी म्हणाली. "चार पिढ्या लिहीत बसले होते. गहू किती, डुकरं किती, माणसं किती. आणि तू त्याला नमस्कार केलास!" ती हसली, पण ते हसू काही हसू नव्हतं.

वसुधाताई तिथंच पायरीवर बसल्या. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. पण त्या मुळातच तापट, आणि लाज वाटली की त्यांना आधी राग येई.

"तुला काय वाटतं, असे कागद मी पहिल्यांदाच वाचतेय? आमच्या पुण्यातही बायका विकल्या जायच्या. कुणबिणी म्हणायचे त्यांना. अमुक नावाची, इतक्या वयाची, अमक्याला दिली. एका कागदात घेणाऱ्याचं नाव होतं ते माझ्या माहेरच्या घराण्यातलं. घरी सांगितलं तर भाऊ महिनाभर बोलला नाही माझ्याशी. पण तो कागद आम्ही जाळला नाही, डॉटी. रुमालात बांधून नीट ठेवला. कारण त्या बाईचं नाव जगात दुसरं कुठंच नाही."

डॉटीनं मागचं दार उघडून अंगणातल्या पिंपाकडे पाहिलं. "तुझी ती लायब्ररीतली मैत्रीण, अर्नेस्टीन," ती म्हणाली. "तिला मी आयुष्यभर 'काही नाही' म्हणत आलेय. आता तिला तोंड कसं दाखवू?"

"जसं आहे तसं. ती बोलेल, तू ऐकून घे."

"घरी जा, वसुधा."

त्या घरी आल्या. अबोलीचं त्या दिवशी घरून काम होतं, ती लॅपटॉपसमोर होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आई, प्लीज, यात पडू नकोस. त्यांचं फॅमिली मॅटर आहे. एक तर शेजारात तुझी एकच मैत्रीण!" तेच तर दुखत होतं. जिनं आपल्याला परक्या देशात पाय दिले, तिलाच आपण तिच्या जिन्यावर बसून सुनावलं. वसुधाताई दुपारभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून डॉटीच्या छपरामागे धूर दिसतो का ते बघत होत्या. आमटी खाली लागली, तरी त्या हलल्या नाहीत.

धूर दिसला नाही. संध्याकाळी फोन वाजला. "उद्या तिला घेऊन ये," डॉटी म्हणाली. "आणि गाडी हळू चालव, तुझं डावीकडचं वळण अजून वाईट आहे." वसुधाताईंना ओट्याला धरून रडू आलं.

दुसऱ्या दिवशी अर्नेस्टीन चर्चला जावं तशी टोपी घालून आली. डॉटीनं दार उघडलं. नमस्कार-चमत्कार झालेच नाहीत. जेवणाच्या टेबलावर खोकी मांडलेली होती, शेजारी एक भिंग आणि पाण्याचा पेला. अर्नेस्टीन बसली, वसुधाताई तिच्या बाजूला बसल्या. एकीनं कागद उलगडायचा, दुसरीनं वाचायचा. डॉटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कॉफी विचारायचंही तिला धैर्य होईना.

दुपार कलली तेव्हा अर्नेस्टीनचा हात थांबला. 'टेमर नावाची बाई विकली, धुणं-स्वयंपाक जाणते. तिचा मुलगा गेब्रिएल, तो शेतावर ठेवला.' वसुधाताईंनी ओळ मनातच वाचली, पुन्हा वाचली. अर्नेस्टीननं त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"सापडलं?" दारातून डॉटीनं अगदी हळू विचारलं. "काय नाव होतं तिचं?"

अर्नेस्टीननं मान वर केली. "हे तुम्ही मला विचारता? नाव तुमच्या घरात होतं, मिसेस हॅलोवेल. दीडशे वर्षांहून जास्त."

डॉटीनं काही सबब सांगितली नाही. पत्रांची, माळ्याची, पिंपाची, कशाचीच नाही. "होतं," ती म्हणाली. "आणि मी काल ते जाळणार होते."

आता अर्नेस्टीन उठून जाईल, असं वसुधाताईंना वाटलं. जावं तिनं, तिचा हक्क होता. पण तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि शेजारची खुर्ची बाहेर ओढली. त्या क्षणी वसुधाताईंना इतकी कृतज्ञता दाटून आली, की नेमकी कुणाबद्दल ते त्यांना सांगता आलं नसतं. खुर्ची ओढणाऱ्या त्या हाताबद्दल, थांबलेल्या काडीबद्दल, आणि मूल मागे ठेवून गेलेल्या, नाव तेवढं उरलेल्या त्या बाईबद्दल.

"टेमर," अर्नेस्टीन म्हणाली. "बसा. तुम्हीही म्हणा."

डॉटी बसली. तिचे ओठ हलले, पण शब्द जेमतेम बाहेर आला.

"मोठ्यानं म्हणा," अर्नेस्टीननं तिला सांगितलं. "म्हातारपणी माझ्या पणजोबांना कमी ऐकू यायचं."