मौनाचा आठवडा

पाण्याच्या ग्लासवरचं झाकण तिने उचललं, तर आतल्या बाजूला थेंब जमलेले — बोट लावलं तर सगळे एकदम घसरतील असे. तिने ते अलगद परत ठेवलं. मध्यवर्ती बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या समितीसमोर संशोधन विभागाचे प्रमुख पडद्यावरची चढती रेघ दाखवत होते. भाव थांबत नाहीत. व्याजदर वाढवला की कर्ज महाग होईल, माणसं खरेदी पुढे ढकलतील, मागणी थंडावेल, भाव खाली बसतील. बरोबर आहे. अगदी बरोबर. वर्षानुवर्षं तीच हे शिकवत आली होती — पण 'मागणी थंडावेल' ऐकताना आज तिला एकदम बारक्याचं फर्निचरचं वर्कशॉप दिसलं, भुशाने माखलेले त्याचे कान...

बारक्या, धाकटा भाऊ. आई गेल्यावर त्याच्या डब्यापासून लग्नापर्यंत सगळं हिनेच पाहिलं. परवा सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, नवीन मशीन घेतोय, कर्ज काढून. बदलत्या व्याजाने आज स्वस्त पडतंय. नाहीतर कायमचं ठरलेलं व्याज आहे, जरा महाग. काय करू?"

बैठकीआधीचा आठवडा मौनाचा. समितीच्या सदस्यांनी व्याजाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. नवरा होता तेव्हा ती या दिवसांत भाजीच्या भावावरसुद्धा बोलायची नाही, आणि तो चिडवायचा, 'बाईसाहेबांची जीभ सरकारजमा!' आता घरात चिडवायलाही कुणी नाही.

"मला यावर बोलता येत नाही रे."

"अगं, मी काय परका आहे? बरं, नको बोलूस. वाढणार असतं तर तू मला तोंडघशी पडू दिलं असतंस होय!" तो हसला. "बदलत्यानेच घेतो. आजच सही करतो."

आणि ती गप्प राहिली. नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी ते गुपित फोडणंच झालं असतं... पण एक शब्द, मेला एक शब्द, आणि तोही माझ्याच्याने निघाला नाही.

"मॅडम, तुमचं मत?" अध्यक्ष विचारत होते. मतं निम्मी-निम्मी पडली होती. उरली होती ती एकटी. दर आहे तसाच ठेवा म्हटलं की बारक्या सुटला. कुणाला कळणारही नाही. पण महागाईने बाजारातून अर्धीच भरलेली पिशवी घेऊन परतणारी माणसं — तीही कुणाची तरी बारकीच ना...

"वाढवावा," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही, याचाच तिला राग आला.

दुपारी घोषणा झाली. मौन संपलं. खोलीचं दार लावून तिने फोन लावला. सांगायचं किती होतं — हप्ता वाढेल, पण भाव उतरले की दरही उतरेल, तोवर मी आहे ना...

"हं, ताई." मागची करवत बंद झाली. त्याने बातमी ऐकली होती, हे त्या 'हं'वरूनच तिला कळलं.

"बारक्या, ते व्याजाचं—"

"जेवलीस का तू?"

"नाही अजून. ऐक ना, मला तेव्हा बोलता—"

"जेवून घे. उपाशी राहत जाऊ नकोस." मग तो म्हणाला, "आणि त्यावर आता मलाही बोलता येत नाही, ताई."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी मऊ बोलला. फोन ठेवला नाही त्याने, तिनेही नाही. करवत पुन्हा सुरू झाली. लहानपणी ती अभ्यास करायची तेव्हा टेबलाखाली तो असाच न बोलता बसायचा, आणि तिला खोली भरलेली वाटायची... ती कान लावून ऐकत राहिली. हे मौन आता त्याचं होतं, आणि ते कधी संपणार हे तिला कुठल्याच समितीत कळणार नव्हतं.