बोलणारा बाण

अहेरीच्या बाजारात फारूकच्या दुकानावर पाटी होती: 'येथे सर्व काही दुरुस्त होईल.' त्यातल्या 'सर्व काही'खाली त्याने लाल रंगाने रेघ ओढली होती, आणि त्या रेघेत सगळा फारूक मावत होता. छत्री, कुकर, टॉर्च, पंखा, एकदा तर कुण्या मास्तरांची कवळीसुद्धा. 'नाई होत' हे शब्द त्याच्या तोंडून ऐकलेला माणूस अख्ख्या तालुक्यात शोधून सापडला नसता. त्याची बायको सईदा म्हणायची, "तुमच्याजवळ कोनी फुटलेलं अंडं आनलं तरी तुम्ही म्हनान, संध्याकाळी घेऊन जा."

अशा माणसाकडे सोमवारी ललिता आली. अकरावीतली पोर, धनुर्विद्येच्या केंद्रात शिकणारी, अंगाने लहानखुरी. पाठीवरच्या पिशवीत सात कार्बनचे बाण होते. उर्वशी नावाची तिच्याहून हातभर उंच मुलगी पोलीस भरतीत निघून गेली, जाताना आपले बाण हिला देऊन गेली. आदल्या दिवशी सरावात त्यातले दोन निशाण चुकून मागच्या दगडी भिंतीवर आदळले. एकाला मधोमध केसासारखी चीर गेली आणि दुसरा पुढच्या टोकाशी, पातं बसवतात तिथे, फाटला.

"चाचा, रविवारी ब्रह्मपुरीले निवड हाये," ती म्हणाली. "एका फेरीत सहा बान माराव लागते. माह्याजवळ पाचच राह्यले. सहावा नसन तर त्याचे गुण गेले, अन् मी बी गेली. नवीन मागवले तर दहा दिवस लागते."

"बस, एवढंच?" फारूक म्हणाला. "उद्या घेऊन जा."

मधोमध चिरलेल्या बाणावर त्याने जीव ओतला. चिरेत सुईने डिंक भरला, वरून रेशमी दोरा गुंडाळला, घासून घासून असा गुळगुळीत केला की चीर कुठे होती हे त्यालाच सापडेना. सईदाला दोनदा बोलावून दाखवला. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

मंगळवारी ललितासोबत तिचा बाप लच्छू आला. लच्छू जंगलातल्या गावचा, बांबूचे बाण बनवणारा. त्याच्या हातचा बाण सरळ नसेल तर डोळा तपासून घ्यावा असं लोक म्हणत. त्याने तो चकचकीत बाण दोन्ही टोकांना धरला, कानाशी नेला, जरासा वाकवला, मग फिरवून पुन्हा वाकवला.

"बोलून राह्यला," तो म्हणाला.

"कोन बोलून राह्यला?"

"बान. करकर करते. आमच्यात बोलनारा बान धनुष्याले लावत नाई, फारूकभाऊ. त्याचं पातं काढून नव्या काडीले लावतो, अन् जुनी काडी वालाच्या वेलाले टेकू देतो."

फारूकला ते झोंबलं. जन्मभर जपावं असं काम केलं, आणि हा माणूस कानाने त्यात खोट काढतो! "लच्छूभाऊ, हा बांबू नाई, कार्बन हाये."

"म्हनून तर जास्त भेव लागते."

"थांबा, दाखवतोच तुमाले." फारूकने हाताला गोणपाट दुहेरी गुंडाळलं, तोंड बाजूला केलं आणि बाण वाकवला. फार नाही, धनुष्यातून सुटताना वाकतो तेवढाच.

कडाक्! दोरा जागेवर होता, डिंकही जागेवर होता, आणि बाण त्यांच्या शेजारीच फुटला होता. काळ्या सुया गोणपाटाच्या दोन्ही घड्या पार करून फारूकच्या बोटाला टेकल्या होत्या. ललिताने नकळत आपला डावा हात मागे घेतला. ती उजव्या हाताने दोरी ओढते, डाव्या हाताने धनुष्य धरते, आणि बाण जातो तो त्या डाव्या मुठीवरूनच. फारूकने ती मूठ पाहिली. मी या पोरीचा हात फोडला असता, आणि वरून शाबासकी मागितली असती! तो स्टुलावर बसला.

"नाई होत," तो म्हणाला.

सईदाने पडद्याआडून डोकं काढलं. तिला वाटलं, दुकानात दुसरंच कोणी आलंय.

ललिताचे डोळे भरले होते. ते बघवेना म्हणून फारूकने दुसरा बाण उचलला, टोकाशी फाटलेला. चीर टोकापासून दीड बोट होती, मागे सगळा साबूत. तो उलटा-सुलटा करता करता थांबला. "पोरी, धनुष्य आन. चांगला बान लाव अन् ओढ, फक्त सोडू नको."

भिंतीशी पोती रचली होती. तिकडे तोंड करून तिने ओढलं. बाणाचं टोक धनुष्याच्या चांगलं चार बोटं पुढे राहिलं. बाण उर्वशीच्या मापाचे होते.

"दोन बोटं कापली तर चीर जाते, अन् तरी दोन बोटं उरते!" फारूक उठलाच.

"पन चाचा, एक बुटका अन् पाच उंच, सारखे जानार नाई. सहाही एका मापाचे पाह्यजे."

म्हणजे पाच धडधाकट बाण कापायचे. जन्मभर तुटलेलं जोडणाऱ्या माणसाने साबूत वस्तूला हत्यार लावायचं! ललिताने तिच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, कापा, पण करवतीने नको, बारीक फिरत्या चकतीने. बाण थोडे ताठ होतील, तीन दिवस सराव करून धनुष्य जुळवून घे. आणि कापल्यावर प्रत्येक बाण वाकवून ऐका.

"ते तर आमी ऐकतोच," लच्छू म्हणाला.

फारूकने तोंडाला फडकं बांधलं. पहिला साबूत बाण हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला, तेव्हा सईदाच बाहेर आली आणि दुसरं टोक धरून बसली. धूळ उडू नये म्हणून ती ओलं फडकं फिरवत राहिली. पाती गरम करून काढली, पुन्हा बसवली. शेवटी लच्छूने एकेक बाण कानाशी नेला.

"सहाही मुके," लच्छू म्हणाला, आणि सगळे एकदम हसले.

रविवारी फारूक दुकानात बसून एक पंखा दुरुस्त करत होता. पाती उलटी बसली. पंखा फिरला, पण वारा सगळा छताला. गिऱ्हाईक बघत राहिलं, तेवढ्यात फोन वाजला.

"चाचा, चौथी आली! चार जनी घेते!"

फारूक टाळ्या पिटत रस्त्यावर आला. शेजारच्या सायकलवाल्याला मिठी मारली, त्याच्याशी गेल्या ईदपासून बोलणं बंद होतं हे नंतर आठवलं. पंख्याचे पैसे घेतले नाहीत. मग ब्रश काढून पाटीवर लाल रेघेखाली बारीक अक्षरात लिहिलं: 'मधोमध चिरलेला बाण सोडून.'

सोमवारी ललिता आणि लच्छू पेढे घेऊन आले. ललिताने उजव्या हाताने पेढा पुढे केला.

"त्या हातानं नको," फारूक म्हणाला. "डाव्या हातानं दे."

"डाव्या?" लच्छू दचकला. देवाधर्माची, पाहुण्याची वस्तू डाव्या हाताने द्यायची रीत ना लच्छूच्या घरी, ना फारूकच्या. "काऊन, भाऊ?"

पण ललिताला कळलं होतं. तिने पेढा डाव्या हातात घेतला आणि तळवा उघडून पुढे धरला. अंगठ्याखाली धनुष्य धरून धरून घट्टा पडला होता. बाकी साधा ओरखडासुद्धा नव्हता. फारूकने तो हात नीट पाहून घेतला आणि मग पेढा खाल्ला.