शशिकलाबाईंचं विरजण

मित्रांनो, मी एक जुनं विरजण आहे. माझं वय विचारू नका. शशिकलाबाईंच्या सासूबाई लग्न होऊन तंजावरहून मद्रासला आल्या, तेव्हा त्यांच्या मांडीवरच्या डब्यात मी होतो. तेव्हापासून मी दुधात पडतो, दही होतो, खाल्ला जातो आणि चमचाभर मागे उरतो. तो चमचा म्हणजे मी. तो गेला की मी गेलो, मग घरात दुधाच्या नद्या वाहिल्या तरी उपयोग नाही.

मद्रासच्या वेस्ट मांबलम भागातल्या या घरात माझा मुक्काम कल्चट्टीत, म्हणजे काळ्या दगडी भांड्यात असतो. दुकानात प्लास्टिकच्या कपात जे पांढरं काहीतरी विकतात, त्यालाही लोक दही म्हणतात. म्हणोत बापडे. शशिकलाबाई मला कोणाला देत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीण अलमेलूमामी वर्षानुवर्षं वाटी घेऊन येतात आणि "आज संपलं" ऐकून परत जातात. मला हे पटतं. उठसूट कोणाच्याही घरी मी का जावं?

अशा घरात दोन हजार चार साली विद्युलता आली. मॉरिशसची. तिचे पूर्वज कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांवर गेलेले आणि ही उलटी इकडे, कॉम्प्युटर शिकायला. परदेशी शिक्षण म्हणे! शशिकलाबाईंचे यजमान अनंतराव यांनी "मराठी मुलगी आहे" म्हणून तिला बाहेरची खोली भाड्याने दिली. तिचं मराठी शाळेच्या पुस्तकातलं, यांचं तंजावरचं. पहिला आठवडा दोन्हीकडची मराठी माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलत होती.

काय तो तिचा दिनक्रम! सकाळी पाण्याची लॉरी आली की ही विदुषी प्लास्टिकची घागर घेऊन रांगेत उभी राहायची आणि साऱ्या बायका तिला ढकलून पुढे जायच्या. मग पेरुंगुडीच्या कॉलेजची बस. रस्ता ओलांडायला ती एखादी म्हातारी येईपर्यंत थांबायची आणि तिच्या पदराआडून पलीकडे जायची. संध्याकाळी आयएसडी बूथवरून आईला फोन. "सगळं छान आहे" एवढं एकच वाक्य तिला येत असावं. मग खोलीत येऊन पावाला मिरचीची चटणी फासून खायची. पाव! भाताच्या गावात! शशिकलाबाई तिचं ताट बाहेरच्या खोलीतच देत, स्वयंपाकघराचा उंबरा तिला ओलांडू देत नसत. योग्यच होतं. ताटातल्या माझ्यावर ती साखर घालायची! गणेश चतुर्थीला तिने न अडखळता सगळी आरती म्हटली, तेव्हा अनंतरावांनी डोळे पुसले. मी नाही विरघळलो. पाठ केलेलं पोपटही म्हणतो.

पुढे कुंभकोणमला एक लग्न निघालं. निघताना शशिकलाबाईंनी स्वयंपाकघराची किल्ली नाइलाजाने तिच्या हातात दिली.

"कल्चट्टीभर दही आहे. भात लावून खा. संपव, वाया घालू नक्को," एवढंच त्या बोलल्या. शेवटचा चमचा ठेवायचा असतो, हे का कोणाला सांगावं लागतं?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अलमेलूमामी वाटी घेऊन हजर. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते, हे मामींनाही ठाऊक होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. विद्युलताने चांगली वाटी भरून दिली आणि वर "पुन्हा या" म्हणाली. अशा रीतीने माझा एक भाग मामींच्या फ्रिजमध्ये, प्लास्टिकच्या डब्यात, कापलेल्या कांद्याशेजारी जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी तिने उरलेलं सगळं खाल्लं. पावाच्या तुकड्याने कल्चट्टी पुसून घेतली, साबणाने घासली आणि पालथी घातली. वर स्वतःवर खूश.

संध्याकाळी मंडळी परतली. शशिकलाबाईंनी दूध तापवलं आणि पालथी कल्चट्टी बघून त्या मटकन खाली बसल्या.

"चमचाभर तरी ठेवलीस की नाही ग?"

"तुम्ही संपवायला सांगितले होते, काकू. मी सर्व संपवले."

"अय्यो! विरजण कोणी संपवतं का? माझ्या सासूच्या हातचं होतं ते!"

"मामींकडे आहे," विद्युलता हळूच म्हणाली. "काल मी दिले. दिवा लावल्यावर."

शशिकलाबाईंनी कपाळावर हात मारला. पण करतात काय? ज्या बाईला आजवर "संपलं" म्हणून वाटेला लावलं, तिच्याच दारात त्या वाटी घेऊन उभ्या राहिल्या. मागे ही मुलगी, मान खाली घालून.

"विळक्कु एत्तियाच्चु. कालैल वांगो," अलमेलूमामी म्हणाल्या. दिवा लागला, सकाळी या. आणि दार बंद.

मी मामींच्या फ्रिजमधून ऐकत होतो. थोड्या वेळाने मामींचा मुलगा कौशिक जेवायला बसला आणि त्याने माझा डबा उचलला, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. या घोड्याएवढ्या पोराच्या ताटात माझा शेवट! त्याने झाकण उघडून वास घेतला, कांद्याला शिव्या दिल्या आणि डबा परत ठेवला. कांद्याचे उपकार माझ्यावर व्हावेत, हेही बघायचं होतं.

सकाळी मामींनी दार उघडलं तर विद्युलता पायरीवर बसलेली. चमचाभर मला वाटीत घेऊन, दोन्ही हातांनी धरून ती वर आली आणि सवयीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली. शशिकलाबाईंनी कोमट दुधाचं भांडं पुढे ओढलं.

"थांबलीस काय? आत ये."

त्यांनी तिचं बोट धरून दुधात बुडवलं. "चटका बसू नये, गारही लागू नये. एवढंच ऊन पाहिजे. कळलं? अत्ता तूच घाल."

"आमच्या घरी हे कोणी शिकवले नाही, काकू. तिथे दही दुकानात मिळते," विद्युलता म्हणाली आणि रडू लागली. वर्षभरात पहिल्यांदाच.

या पोरीच्या हातून लागायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. पण दुपारी शशिकलाबाईंनी कल्चट्टी तिरपी केली आणि मी जागचा हललो नाही. इतका घट्ट मी त्यांच्या हातूनही क्वचितच लागलो असेन. सांगायला जड जातं, पण खरं आहे.

म्हणून मित्रांनो, शेवटचा चमचा नेहमी राखून ठेवा. आणि कोणी दूर देशातून तुमच्या गावी शिकायला आलं, तर त्याचं ताट बाहेर मांडून त्याच्या पाव-साखरेला हसू नका. मी वर्षभर हसलो. पण तो चमचा राखायचा असतो, हे तिला कळायला आम्ही तिला आधी आत बोलवायला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच आम्ही केलं नव्हतं.